शनिवारी दहा वाजता, बरबँक

युनियनचं बातमीपत्र अजून कागदावर येतं,
माझ्यासारख्या चाळीसेक हट्टी लोकांसाठी.
मी ते शेवटून वाचते.
शेवटच्या पानावर गेलेल्यांची नावं,
पहिल्यावर अध्यक्षांचा फोटो.
अध्यक्ष थांबू शकतात.

या खेपेला लोवेल प्रुइट. वय एक्याऐंशी.
दोन ओळी, त्यात एक शुद्धलेखनाची चूक.
जो माणूस एका फ्रेमसाठी
अख्खी रात्र जागवायचा,
त्याच्या वाट्याला ही चूक.

एकोणीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण सांगण्यासारखं नाही.
एका चित्रपटात माझं नाव त्याच्या नावाखाली यायचं होतं.
आलं नाही.
त्याने म्हणे कुणाला विचारलंही नाही.

त्याच पानावर, चौकटीत:
आरोग्यविम्यासाठी सहा महिन्यांत चारशे तास भरलेले हवेत
(माझे तीनशे बारा).
नव्या करारातलं जेवणाच्या सुट्टीचं कलम नीट वाचावे.
कॉरिडॉरमधली जुनी मूव्हिओला कुणी नेणार असल्यास कळवावे, जड आहे.
मोफत प्रशिक्षण: आपोआप संकलन करणारं सॉफ्टवेअर.
शनिवारी दहा वाजता. जागा बारा. कॉफी मिळेल.

जायचं जिवावर आलं होतं.
पण घरी सून गालिचे धुवायला काढणार होती,
म्हणून गेले.
ग्लेंडेलहून पंधरा मिनिटं, पार्किंग शोधायला वीस.

बारा खुर्च्या, अकरा माणसं,
आठ जणांचे चष्मे कपाळावर.
शिकवणारी मिस ओकाम्पो,
तिच्यापेक्षा माझी कात्री वयाने मोठी.
गोड मुलगी. आम्हाला ‘लेजंड्स’ म्हणाली
आणि प्रत्येकाला पासवर्ड टाकून दिला.

म्हणाली, सराव म्हणून एक मुलाखत घेऊ,
युनियनच्याच संग्रहातली,
आणि तिच्यातल्या रिकाम्या जागा काढून टाकू.

पडद्यावर लोवेल.
चौकड्यांचा शर्ट, गुडघ्यावर कॉफीचा कप,
कॉलरची एक बाजू आत गेलेली.
कुणीतरी कॅमेऱ्यामागून विचारतं,
तेव्हा तुमच्या खोलीत आणखी कोण असायचं?

तो खिडकीकडे बघतो.
कप या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवतो.
तोंड उघडतो, मिटतो.
बाहेर कुठेतरी ट्रक मागे येतोय, टूं टूं टूं.
मग म्हणतो, अराक्सी होती.
आणि लगेच पार्किंगबद्दल बोलायला लागतो,
तेव्हाही जागा मिळायची नाही म्हणून.

सॉफ्टवेअरने लाल खुणा केल्या.
निरर्थक जागा: चौदा.
मिस ओकाम्पोने बटण दाबलं.
चार मिनिटांची मुलाखत पावणेतीनवर आली.
आता विचारलं रे विचारलं
की लोवेल माझं नाव सांगतो,
पिनकोड सांगावा तसं.
ट्रक गेला. कप आपोआप
दुसऱ्या गुडघ्यावर उडी मारून बसला.

मागून कुणीतरी म्हणालं, वा.
खरंच, काम स्वच्छ होतं. जोड कुठे दिसत नव्हता.
मी असिस्टंट असताना एवढ्यासाठी
त्याने माझी पाठ थोपटली असती.

मी हात वर केला.
मिस ओकाम्पो, मागे जायचं बटण कुठलं?
तिने दाखवलं. सोपं आहे ते,
दोन बोटांचं काम.

परतला ट्रक. परतली खिडकी.
मी फ्रेम मोजल्या, जुनी खोड:
एकशे बहात्तर.
एकोणीस वर्षांपैकी
एवढा ऐवज माझ्या पदरात.

प्रशिक्षणाचे तास विम्यात धरत नाहीत,
जाताना सहीच्या कागदावर वाचलं.
कॉफी बरी होती.
मूव्हिओला अजून तिथेच, दाराशी,
तिच्यावर कुणाची तरी छत्री.

पण निघण्यापूर्वी,
बाकीचे प्रमाणपत्रासाठी रांगेत असताना,
मी त्या शांततेच्या शेवटून
चार फ्रेम काढल्या.
तेवढ्या खरंच जास्त होत्या.