जाड की बारीक

जिथं आण्णांना निजवलं होतं
तिथली फरशी येसाआत्यानं दोनदा पुसली,
तांदळाचं पीठ चाळून पसरलं,
वाटीच्या बुडानं सपाट केलं,
मधे पणती ठेवली, वरून दुरडी पालथी.
"आता उजाडंपतूर कुणी तिकडं फिरकायचं न्हाई.
ज्या जल्माला जायाचं, त्याचं पाऊल उठतं."

पीठ आमच्याच गिरणीतलं.
एकेचाळीस वर्षं अंकलखोपात
मयताचं पीठ आण्णांनीच दळलं.
त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.
आधी चक्की झाडून काढायची,
मिरचीचा, डाळीचा कण राहता कामा नये.
"वाट नीट दिसाया पायजे माणसाला," म्हणायचे.

मग कधीतरी, हरभऱ्याची डाळ घेऊन आलेल्या बाया
वजनकाट्याशी हळूच सांगायच्या.
म्हादू परिटाच्या पिठात गाढवाचा खूर.
हयातभर ज्याला हाणलं त्याचाच.
गौराक्काच्या पिठात मुंग्यांची रांग;
तिची सून तेव्हापासून वारुळावर साखर टाकते,
रोज नाही, आठवण झाली की.
पाटलांच्या थोरल्याचा तर वाघाचा पंजा उठला,
असं घरच्यांनीच गावभर केलं.
आण्णा म्हणाले, "मांजराचा आसंल.
आपल्याच गिरणीतलं. पीठ दिसलं की जातंय तिकडं."

नदीनं नेलेल्या सातवीतल्या सुनंदाच्या पिठात
काहीच उठलं नाही.
तिची आई रिकामा डबा घेऊन आली,
काट्यावर ठेवून उभी राहिली.
आण्णा म्हणाले, "पाखराचं वजन पिठाला कळत न्हाई, बाई."
ती गेली. रात्री जेवताना
भाकरी हातातच धरून ते म्हणाले,
"लई बारीक दळलं होतं गं मी.
तेवढ्यावर उठाया पायजे होतं."

एकदा विचारलं होतं मी, तुमचं काय उठेल?
पट्ट्याला मेण लावत होते.
"पोरकिडा. दुसरं कोण घेतंय मला?
तुम्हीच चाळून फेकाल."

त्या रात्री मला झोप नव्हती.
दुरडीच्या विणीतून उजेड सांडून
भिंतीवर बारीक बारीक चौकोन हलत होते,
मग एकेक करून कमी झाले.

पहाटे आत्यानं दुरडी उचलली.
पीठ जसंच्या तसं.
दिग्विजयनं मोबाईलची बॅटरी मारली,
फोटो काढून मोठा करून पाहिला:
"ही रेघ बघा, मोर."
कुणी म्हणालं, हरण.
चुलता म्हणाला, कोंबडी असंल, मोर कशाला.
"काही नाही," मी म्हणाले.
"मग मोक्ष," आत्या म्हणाली,
सुट्टे नाहीत असं सांगावं तशी.

तेरावं झाल्यावर गिरणीची किल्ली घेतली.
शटर अर्ध्यावर अडकतं, खालून वाकून गेले.
भिंतीवर महापुराची तपकिरी रेघ, माझ्या कपाळाएवढी,
खाली फरशीवर पिठाचा थर,
सांगलीच्या सिव्हिलला नेलं त्या दुपारचा.
त्यात त्यांची पायताणं.
टोपाकडून बटणाकडं,
बटणाकडून काट्याकडं,
उजवा पाय थोडा फरपटत,
टाचेजवळ टायरची नक्षी, अर्धी झिजलेली.
कोपऱ्यातल्या दुधाच्या वाटीशी
दोन्ही पावलं शेजारी शेजारी. तिथं थांबले असणार.
आणि त्या सगळ्यावरून, नंतरची, ताजी,
मांजराची चार बोटं.

हातात केरसुणी होती.
मी उंबऱ्यातच बसले.

"चालू हाय का गं?"
शकीलाभाबी, कमरेवर शाळूचा डबा.
उजेड आडवून वाकली, आत बघितलं,
मग माझ्याकडं.
"काय उठलं म्हणं आण्णांचं?"

मी भिंतीच्या कडेकडेनं गेले.
पट्टा चढवला. बटण दाबलं.
फरशी थरथरली, वर्षानुवर्षांचं पीठ तुळयांवरून सुटलं
आणि सावकाश खाली यायला लागलं,
पावलांवर, वाटीत, माझ्या केसांत.

भाबी अजून उत्तराची वाट बघत होती.
आवाज वाढला होता, ओरडूनच विचारावं लागलं:
जाड की बारीक?