अकराच्या पुढे

शेषूला अकरापर्यंत मोजता यायचं.
त्यापुढे सगळं 'गंज'.
वेचलेल्या कापसाची गाठोडी, तळ्यावरचे बगळे,
आईचं ओरडणं :
गंज.

माझ्याहून चार वर्षांनी मोठा.
मी सहाव्या वर्षी त्याच्या पुढे निघून गेले,
तेव्हापासून मला ताई म्हणायचा.
मी कधी दुरुस्त केलं नाही.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्याची छाती ऐकली
आणि बाबांना बाहेर बोलावलं.
हृदयाला छिद्र आहे. पंधरा वर्षं, फार तर सोळा.
येताना एस.टी.त बाबा बोलले नाहीत.
शेषू मैलाच्या प्रत्येक दगडाला हात हलवत होता.

गाव आधी येडा म्हणायचं.
त्याचे केस पिकल्यावर तेच गाव म्हणू लागलं,
देवमाणूस आहे हो.
देव नव्हता तो.
गूळ चोरायचा, मांजरीचं नाव सांगायचा,
मिशीला गूळ तसाच.
रुसला की तुरीच्या कुटारात जाऊन बसायचा
आणि हाका मारल्या की आतूनच,
"म्या इथं नाई."

बटण लावायला त्याला एकोणीस वर्षं लागली.
रोज दुपारी भांडी झाली की
आई बाबांचा जुना सदरा त्याच्यापुढे धरायची.
जमलं, आणि मग त्याने कुणालाच सोडलं नाही.
पोस्टमन, सरपंच, आर्वीच्या गाडीचा कंडक्टर.
आखूड जाड बोटं, ओठांच्या कोपऱ्यात जीभ,
"थांब ना बे."
माणसं थांबायची. गाडीसुद्धा.

मला बघायला पुलगावचे पाहुणे यायचे होते.
त्या दिवशी शेषूला मामाकडे पाठवा,
हे बाबांनी सुचवलं नाही. आईनेही नाही.
मी.

संध्याकाळी तो कंडक्टरच्या सीटवर बसून परत आला.
खिशातून माझ्यासाठी सोललेलं संत्रं काढलं,
फोडींना खिशातला दोरा चिकटलेला,
मोजून आणलेल्या. अकरा.
"पाहुने गेले?"
"हाव," मी म्हटलं.
दाराआड उभी राहून सगळ्या खाल्ल्या,
बियांसकट.

आई म्हणायची,
माह्या एक दिवस आधी ने रे बापा याले.
देवाने ऐकलं, पण त्यालाही
बहुतेक शेषूसारखंच मोजता येत असावं.
आई अजून आहे.

तो त्रेचाळीस वर्षं जगला.
पौषात गेला, हरभऱ्याला घाटे धरले होते.
त्या सकाळी बाबांचा सदरा एका बटणाने चुकलेला :
गळ्याशी काज रिकामं,
खाली एक बटण उरलेलं.
अंगण माणसांनी भरलं होतं, सगळ्यांना दिसत होतं.
पोस्टमन होता, कंडक्टर गाडी उभी करून आला होता.

कुणी हात लावला नाही.
मीही नाही.
बाबा नदीवरून परत आले
तसेच.