जोडपत्र सात

रोल्याच्या चौकामागे, शारजात, आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, हरवल्या पासपोर्टची तक्रार.
दर पानाला पंधरा दिरहम,
एक ओळ असली तरी पान ते पानच.

हमीद सरगुरोह आले, मूळचे बाणकोटचे,
बोटांना बर्फाचा नि मासळीचा वास,
फोनमध्ये बावीस पानांची फिर्याद.
"वाच जरा. कोणीतरी माझं नाव मागतंय."

मागणारी कंपनी काजळाची.
अकरा देशांत नोंदवलेलं चिन्ह: सुरमई.
आणि हमीदभाईंनी सहा वर्षांपूर्वी
वर्षाला चाळीस दिरहम भरून
घेतलेलं तेच डोमेन,
गोठवलेल्या तुकड्यांच्या घरपोच ऑर्डरी घ्यायला.

निवाडा करणारा एकटाच, कुठल्याशा थंड देशात.
तो यांना बघणार नाही, हे त्याला.
त्याचे सवाल तीनच.
नाव सारखं आहे? आहे, अक्षरन् अक्षर.
नावावर तुमचा हक्क काय?
आणि घेतलंत ते वाईट हेतूने का?

वीस दिवसांतले चार उरले होते.
शटर अर्धं ओढून आम्ही उत्तर लिहायला बसलो.
पिशवीतून निघाली जुबेल बाजारातल्या गाळ्याची पावती,
कोल्ड स्टोरेजची बिलं, ओली होऊन वाळलेली,
आणि बोर्डाचा फोटो:
रंगाऱ्याने हौसेने माशाला पापण्या काढलेल्या.
"हा नको जोडायला," मी म्हटलं.

"अरे, पाठीवर सुरमा फिरवल्यासारखा रंग,
म्हणून तर ती सुरमई."
"हेच तर काजळवाले म्हणतायत, हमीदभाई."
ते हसले.
मग बराच वेळ बर्फाच्या पावत्या
तारखेप्रमाणे लावत राहिले.

पान एकोणीस मी रात्री एकला उघडलं.
जोडपत्र सात. हमीदभाईंच्या पत्त्यावरून गेलेला
दोन वर्षांपूर्वीचा ईमेल.
डोमेन विकणार का, या त्यांच्या प्रश्नाला
तीन शब्दांचं उत्तर:
बोला, किती देता?

लेबर कार्ड करायला आले होते ते त्या दिवशी.
म्हणाले होते, "हे लोक सारखे विचारतायत,
लिही कायतरी तूच."
मी लिहिलं. बाहेर रांग होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही;
पान उलटताना फक्त
माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा सांग."

निकाल लागला: नाव कंपनीला द्यावं.
वाईट हेतूखाली उतरवून घेतलेत
तेच तीन शब्द.

गाळा चालू आहे. गिऱ्हाईक कनआद म्हणून मागतं,
अरबीत ती कनआदच, तिच्यावर कुणाचा दावा नाही.
परवा अर्धा किलो दिली मला, पैसे घेईनात.

ते पान मी एकदा उघडून पाहिलं.
पडदाभर एक डोळा, काजळ घातलेला,
मिटत नाही. माशाचाही मिटत नाही,
पापण्याच नसतात त्याला.

जुन्या वहीत त्या दिवसाची नोंद सापडली.
सरगुरोह, ईमेल, एक ओळ.
पंधरा दिरहम. जमा.