घसारा

भिशीचा नंबर लागला तेव्हा
चोवीस हजार पिशवीत होते
आणि पिशवी गव्हाच्या डब्यात.
मशीन ठरलेलं होतं, समोरून दार उघडणारं.
कॉलेज रोडच्या दुकानात दोनदा जाऊन
त्याच्या काचेत मी माझं तोंडही बघून आले होते.

मग जिन्यात बेबीताई कापडणीस म्हणाली,
पन्नास वर्षं नाशकात काढली गं,
नांदूर मध्यमेश्वर फक्त पेपरात वाचलं.
एवढंच म्हणाली
आणि दळण घेऊन वर गेली.

रात्रभर कूस बदलली.
सकाळी गाडीवाल्याला फोन केला.

बारा बायका, एक रात्र.
पवननगरात अकरा स्वयंपाकघरांत
अकरा पुरुषांनी साखरेचा डबा शोधला.
बेबीताईकडे शोधणारं कुणी नव्हतं.

निफाडच्या अलीकडे टायर बसला.
निकमबाईंना गाडी लागली.
शेंगदाण्याची चटणी कुणी आणायची होती
यावरून अर्धा तास अबोला.
रात्री खोलीत गाद्या आठच, म्हणून आडव्या झोपलो,
म्हणजे झोपलोच नाही;
नजमाने तिच्या सासूचं घोरणं करून दाखवलं
आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

पहाटे धुकं.
इतकं, की दुर्बिणीतूनही धुकंच,
फक्त मोठं झालेलं.
खाणगाव थडीचा रंगनाथ म्हणाला, थांबा मावशी, घाई नका करू.
थांबलो.
नुसतं थांबायची सवय नव्हती कुणालाच.
बोरस्तेवहिनींची बोटं तर
हातात नसलेली मेथी निवडत होती.

मग पाण्यावरची चादर कुणीतरी ओढली
आणि रंगनाथ हलक्या आवाजात हजेरी घेऊ लागला:
शेकाट्या. थापट्या. चक्रवाक.
आणि त्या तिकडे, लांब पायांचे, रोहित.
बेबीताईने बोटांच्या पेरांवर मोजले.
एकवीस.
बारा बायका होतो
आणि कुणी काही बोललं नाही.

घरी आले तर हे वही उघडून बसलेले.
सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं अकाउंट्सला होते.
सतरा हजार सहाशे चाळीस, म्हणाले,
आणि हातात काय आलं?

हातात पिळे आले.
खोटं कशाला बोलू,
थंडीत मनगट ठणकतं,
आणि चादरी पिळायला
एकवीस पक्षी काही येत नाहीत.

बोरस्तेवहिनींच्या भिशीचा सोफा
आता हातापाशी सोलायला लागलाय.
वस्तूला घसारा लागतो, हेच सांगतात,
दर वर्षी थोडी थोडी किंमत वहीतून उतरवायची.
आमचे रोहित मात्र
जिन्यात बसलो की वाढतात.
निकमबाईंच्या सांगण्यात पन्नास,
नजमाच्या सांगण्यात दोनशे, आणि सगळे एकदम उडाले.
उडाले नव्हते.
पण आता मलाही ते उडतानाच दिसतात,
पंखाखालचा तो लाल रंगसुद्धा.

बेबीताई मार्चमध्ये गेली.
खरा आकडा ठणकावून सांगणारी तीच होती.
मला माहीत आहे,
पण मी सांगत नाही.

परवा यांचे साडू आले चाळीसगावहून.
मी न्हाणीत होते, बादलीपाशी.
बाहेरून यांचा आवाज आला,
नांदूरला गेलो होतो ना आम्ही,
अहो काय धुकं,
दुर्बिणीतूनही धुकंच दिसत होतं,
फक्त मोठं झालेलं!

त्या पहाटे हे घरात होते,
साखर शोधत.

मी काही बोलले नाही.
नळ तेवढा बारीक केला,
पक्षी किती सांगतात
ते ऐकू यावं म्हणून.