सतरावं भोक

इम्तियाज शिकलगारच्या कार्डावर
सतराव्यापुढं मी तीन लिहिले.
मारले होते त्यानं चार.

चार सगळ्यांनी मोजले होते.
कुंपणापलीकडं उसाच्या बांधावर बसलेल्या पोरांनी,
किटली घेऊन फिरणाऱ्या सर्जेरावनं,
दर फटक्याला ओरडत उठणाऱ्या टिटवीनंसुद्धा.
मीच चुकलो.
पन्हाळ्याकडनं वारा सुटलेला, पेन्सिल बोथट,
माझा चेंडू डबक्यात,
आणि डोक्यात माझेच सात.

तंबूत टेबल, टेबलावर पंखा,
कार्डं उडू नयेत म्हणून एक दगड.
इम्तियाजनं बेरीज बघितली, सही केली,
बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.
तोंड पुसेपर्यंत
आतून शब्द आला : बाद.

खरे चार धरले तरी
एका फटक्यानं जिंकत होता तो.

नियम असा आहे की
जास्त लिहिलंस तर जास्तच धरू,
कमी लिहिलंस तर तू खेळलाच नाहीस.
चार दिवस, बहात्तर भोकं,
खेळलाच नाहीस.

खासबागेत पाठ मातीला लागली की लागली.
तिथं पैलवानाला कुणी म्हणत नाही,
बाबा, कुठल्या कुशीवर पडलास
ते लिहून दे, खाली सही कर.

बदला हा नियम, असं मीही म्हणालो असतो.
पण माझा बाप शाहूपुरीत
गुळाच्या अडतीवर तोलाई करायचा.
म्हणायचा, काटा हलतो, गूळ पाझरतो,
माणसं तर दुपारपर्यंत बोलणं फिरवतात.
पट्टीवरचा आकडा तेवढा
खुंट्यासारखा राहू दे.

एकदा त्यानंच एक रवा कमी लिहिला.
रात्री ध्यानात आलं.
पट्टी खोडली नाही.
सायकल काढून वडणग्याला गेला,
फरकाचे पैसे स्वतःच्या खिशातनं देऊन आला.
आई बोलली, तर एवढंच म्हणाला,
हात माझा, तर खिसाबी माझाच.

इम्तियाजनं मला दसरा चौकात सोडलं.
गाडी बंद न करता म्हणाला,
"सही माझी हुती भावा. सोड तू."
आणि गेला.

मी सोडलं असतं.
पण तो बाद झाला, म्हणून
मी अकराव्याचा दहावा झालो.
दहाव्यापर्यंत चेक मिळतो.

आता समितीला पत्र लिहितोय.
नियम सैल करा, असं नाही लिहिलेलं.
दगड टेबलावर राहू द्या,
सही राहू द्या, बेरीज राहू द्या.
फक्त ज्याच्या हातानं तीन उमटले
त्याच्या नावापुढंही काहीतरी उमटू द्या.
दोन फटके. चार. काहीही.
मोकळा सोडू नका त्याला.

चेक पत्राला टाचणीनं लावलाय.
खाली सही राहिलीय.
तिसऱ्यांदा वाचतोय.