मागची वाट

हर्णैत बंदराकडे जाणारा रस्ता एकच,
पण माझ्यासाठी तो तीन वर्षं बंद होता.

आधी पेढांबकरांचं किराणा दुकान,
मग मुकादमांचं मेडिकल,
मग पतपेढी, तिच्या पायरीवर वसुलीचा नंदू,
आणि वळणावर वन्सांचं घर,
ओटीवर कायम कुणीतरी बसलेलं.

म्हणून मी मागून जायचे.
स्मशानाच्या कडेने, उंडीच्या झाडाखालून,
जाळी सुकवतात त्या खडकांवरून,
डोक्यावर पाटी, भरती असेल तर
साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.
लोकांना वाटायचं, हिला समुद्र आवडतो.

दोष कुणाला देऊ?
फ्रीझर मीच घेतला, पांढरा, दोन झाकणांचा.
पाहुण्यांना सुरमई विकायची होती, पापलेट विकायचं होतं.
नंदू म्हणाला, वहिनी, सही करा, पुढचं पुढे बघू.
मग वादळ आलं आणि एकवीस दिवस वीज नव्हती.
मासे कुजले.
हप्ता मात्र ताजाच राहिला.

तो भरायला दुसरं कर्ज काढलं,
दुसरं फेडायला मोबाइलवरचं तिसरं,
ज्यात माणूस नसतोच, नुसता आवाज,
मॅडम मॅडम करत रात्री साडेनऊला
आईवरून बोलणारा.
फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवायचे.
तांदूळ थरथरायचे.

एका आषाढात, होड्या वर ओढून शाकारलेल्या असताना,
पोराच्या जुन्या वहीत आकडे लिहिले एकाखाली एक.
बेरीज केली नाही.
केली असती तर उठलेच नसते.
सगळ्यात छोटा आकडा शोधला:
मुकादम, तीनशे चाळीस,
खोकल्याचं औषध आणि थर्मामीटर.

फ्रीझर मुरुडच्या आइस्क्रीमवाल्याला दिला, अर्ध्या किमतीत.
कारखान्यात कोळंबी सोलायला लागले,
किलोवर मजुरी, दिवसभर बोटं बर्फात.
संध्याकाळी तव्याचा चटका कळायचा नाही.
उन्हाळ्यात सोडे सुकवले,
घरात एकही शिजवला नाही.

इस्माईलभाई म्हणाले,
मी तर विसरलोच होतो की.
मी नव्हते विसरले.
तीनशे चाळीस रुपयांत मी
दहा पावलांचा रस्ता विकत घेतला.

पेढांबकरांना चौदा महिने लागले.
त्यांनी पान फाडलं नाही, आडवी रेघ मारली,
आणि पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली,
जी मला, का कोण जाणे, फार लागली.

वन्सांच्या पाटल्या सोडवून आणल्या
तर त्यांच्याच हातात जाईनात.
तीन वर्षांत मनगटं जाड झालेली.
साबण लावून बघितला. हसलो दोघी.
मग त्या आत गेल्या
आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.
याला वहीत रकाना नाही.

गेल्या मंगळवारी पतपेढीने दाखला दिला,
गोल शिक्का, माझ्या नावात एक काना जास्त.
दुरुस्त करा म्हटलं नाही.
घडी घालून चोळीत ठेवला, पायरी उतरले.
नंदू म्हणाला, वहिनी, नवीन स्कीम आहे.

लिलाव सुरू व्हायला अजून वेळ होता.
समोर सरळ रस्ता, मोकळा, माझा.
आणि पाय कधीच उंडीकडे वळलेले.

खडकांपाशी समोरून दोरकुळकरांची सून आली,
पदर पुढे ओढलेला, चपला हातात.
मला बघून तिनं समुद्राकडे तोंड फिरवलं,
जसा काही तिला तो आवडतो.

मी काही विचारलं नाही.
एवढंच म्हटलं, पुढे शेवाळ आहे.
डावीकडच्या दगडावर पाय दे.
तो हलत नाही.