बारदान वजा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी तोलणार.
सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचं वजन मोठ्यानं सांगतोय.
स्वतःचं मात्र गाळा बंद झाल्यावर,
दिवा घालवून, काट्यावर एकट्यानं चढून:
एकशे छप्पन्न किलो, चारशे ग्रॅम.
घरचा काटा एकशे तीसलाच हात टेकायचा.

कुंदाताई मढवी भेटल्या वाशीला,
डॉक्टरांच्या केबिनबाहेर.
घणसोलीच्या. दोन वर्षांपूर्वी पोटाची बाही शिवून घेतलेल्या.
मी भिंतीला टेकून उभा बघून म्हणाल्या,
"मी पन उबीच ऱ्हायची रं.
या खुर्च्यांचे हात मांडीला डसतात."
आणि चांगल्या बसलेल्या उठून
माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.
चाळीस मिनिटं.
बोलल्या फक्त सुकटीच्या भावाबद्दल.

घरी मेहुणा म्हणाला,
तोंडाला आवर घालता येत नाही, म्हणून पोट कापतोय दाजी.
ते त्यांना फोनवर सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री.
"त्याला चष्मा हाय ना?
त्याला बोल, चष्मा काढ
आनि डोल्यांना आवर घाल."
त्या रात्री मी हसत झोपलो.
बायकोनं उठून दोनदा बघितलं, ठीक आहे ना माणूस.

तिसऱ्या दिवशी पोटातला वारा खांद्यात चढला.
कुंदाताईंनी सलाइनचा खांब धरला आणि चालवलं मला,
पांढरी फरशी, करडी फरशी,
करडीवर कण्हायचं, पांढरीवर नाही, असा त्यांचा नियम.
मग पर्समधून खोकल्याच्या बाटलीचं टोपण काढलं,
उकळून आणलेलं, रुमालात बांधलेलं.
"हे तुजं ताट.
घड्याल बघ, पानी नको बघू."

चौथ्या आठवड्यात कोपरखैरण्याला पुतणीची हळद.
रश्श्याचा वास जिना चढून वर आला
आणि मी एक घास, फक्त एकच,
मग गच्चीच्या टाकीमागं ओकत बसलो.
फोन लावला. म्हटलं, कशाला केलं हे मी,
भूक गेली, पण खायचं मन तर तसंच आहे ओ.
त्या काही बोलल्या नाहीत.
फोन ओट्यावर ठेवून भांडी घासत राहिल्या.
नळ, पातेलं, झाकण, नळ.
अर्धा तास मी एका परक्या घरातली भांडी ऐकली
आणि खाली वाजणारा बँजो
हळूहळू नुसता बँजो झाला.

यंदा पौषापासून त्या दिसेनात.
दुसऱ्या रविवारी नेरूळला आम्ही सातआठ जण जमतो,
त्यात नाहीत. फोन बंद.
मी घणसोलीला गेलो. तिसरा मजला, जाळीचं दार.
आतून आवाज:
"अकरा किलो परत आलंय, सर्जेराव.
तुमाला शिकवनारी मी. कंच्या तोंडानं येऊ?"

येताना बसमध्ये मी एक वाक्य जुळवलं होतं.
की कट्टा तोलला की आम्ही बारदान वजा करतो,
पण कांद्यात मुरलेली ओल वजा होत नाही,
ती पसरून ठेवावी लागते,
आणि त्यात कांद्याचा काय दोष.
चांगलं वाक्य होतं.
जाळीपुढं ते मला जड वाटलं. बोललो नाही.

म्हटलं, "उघडू नका. मी उभा आहे."

शेजारच्या पोरानं दोनदा वर-खाली केलं.
खाली मच्छीवाली येऊन गेली.
खिशात टोपण होतं, ते बोटानं फिरवत राहिलो.
बऱ्याच वेळानं आत नळ सुरू झाला.
पातेलं. झाकण.
मग चहाच्या आल्याचा वास,
आणि जाळी सरकली, दीड वीत, जास्त नाही.

एवढ्या फटीतून पूर्वी
आमच्यापैकी कुणाचा हातही गेला नसता.
मी तिरका होऊन आत शिरलो.
"दोन टोपनं घेशील?" त्यांनी विचारलं,
ओट्याकडे तोंड करून.